डल शब्दाचा सहावा अर्थ

जुन्या इंदूरमध्ये श्रीकृष्ण टेंबे यांना श्रीकृष्ण म्हणणारं माणूस आता उरलेलं नाही. भाजीवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांचे ते टेंबेसर. खुद्द त्यांच्या बायकोनं, उषाताईंनी, लग्नाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी थट्टेनं एकदा ‘सर’ म्हटलं आणि मग तीच सवय लागली. सरांचे वडील कापड गिरणीत कारकून होते आणि मुलानंही कारकुनीच करावी अशी त्यांची इच्छा होती. मुलगा मास्तर झाला, आणि तोही इंग्रजीचा. शाळेतून निवृत्त होऊन त्याला आता तेरा वर्षं झाली. वय एकाहत्तर, गुडघे कुरकुर करतात, शिकवण्या बंद झाल्या, तरी सर रोज अंघोळ उरकून इस्त्रीचा शर्ट घालतात आणि पुढच्या खोलीत फळ्यासमोर जाऊन बसतात. फळा अजून भिंतीवर आहे. उषाताईंनी तो काढायचा विषय दोनदा काढला, तिसऱ्यांदा काढला नाही.

सरांची शिकवण्याची एक पद्धत होती आणि तिच्यावर त्यांचं नाव झालं. दिवसाला एक शब्द. तोही अवघड नव्हे. अवघड शब्द पाठ केले की येतात, असं ते म्हणत. माणूस अडतो तो साध्या शब्दांशी. रन, सेट, फेअर, गुड. फळ्यावर वर मधोमध शब्द, खाली त्याचे सगळे अर्थ मराठीत आणि हिंदीत, मग समानार्थी शब्द, आणि शेवटी वाक्यात उपयोग. या वाक्यांचे दोन नियम होते. एक, वाक्य वर्गातल्या कुणाबद्दल तरी असलं पाहिजे. दोन, ते खरं असलं पाहिजे. पुस्तकातला राम आणि पुस्तकातली सीता कुणाच्या लक्षात राहत नाहीत. पण शेजारी बसलेल्या यतीनच्या स्वेटरचा रंग विटलाय, हे जन्मभर लक्षात राहतं आणि त्याबरोबर शब्दही राहतो. सरांचा हा हिशेब अगदी बरोबर होता. पुढं जे झालं ते तो बरोबर होता म्हणूनच झालं.

फळ्यावर नाव येणं हा हळूहळू मान झाला. ज्याचं नाव आलं त्याच्या घरून दुसऱ्या दिवशी वर्गासाठी खाऊ यायचा. हे कुणी ठरवलं नव्हतं. एका मुलाच्या आजीनं एकदा हौसेनं चिवडा पाठवला आणि मग पडला पायंडा. आया एकमेकींना भाजी घेताना विचारायच्या, तुमच्याचं नाव आलं का फळ्यावर? सर वरवर वैतागायचे, पण आतून त्यांना गुदगुल्या व्हायच्या. कुणाला नाही होणार?

द्वारकाबाई टेंब्यांच्या घरी स्वयंपाकाला होत्या. नवरा लवकर गेलेला, मुलगी एकच, अनुश्री. चार वाजता द्वारकाबाई यायच्या, शाळेतून परस्पर अनुश्रीही यायची आणि पाच वाजता वर्ग भरायचा तेव्हा मागच्या सतरंजीवर बसायची. मुलगी नववीत होती. मधला तासभर तिला काही काम नसायचं. पुढच्या खोलीतल्या कपाटात सरांचा जाडजूड इंग्रजी शब्दकोश होता. त्याला हात लावायचा नाही असं सरांनी सगळ्यांना बजावलेलं होतं. अनुश्री रोज तो तासभर काढून वाचायची आणि सर झोपेतून उठून बाहेर यायच्या आत होता तसा ठेवून द्यायची. द्वारकाबाईंना हे ठाऊक होतं, उषाताईंनाही ठाऊक होतं. फक्त सरांना नव्हतं.

द्वारकाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण आपल्या मुलीचं नाव इंग्रजीत कसं दिसतं हे अनुश्रीनं त्यांना वह्यांच्या पुठ्ठ्यांवर दाखवून शिकवलं होतं, आणि तेवढी अक्षरं त्या कुठंही ओळखायच्या. दिवस संपला की फडक्यानं हात पुसत त्या पुढच्या खोलीच्या दारात येऊन फळ्याकडे बघायच्या. वर्षभर बघत होत्या. उषाताईंना एकदा म्हणाल्यासुद्धा, ताई, आमच्या अनूचा नंबर कधी लागणार, सरांना जरा याद देऊन बघा ना. उषाताईंनी सरांना सांगितलं. सर म्हणाले, मागायचं नसतं, ते आपोआप यायला लागतं.

ते आपोआपच आलं.

एकोणीसशे सत्त्याण्णव साल, डिसेंबर महिना. त्या दिवशीचा शब्द होता डल. सरांनी फळ्यावर पाच अर्थ लिहिले. रंग डल, म्हणजे विटका. दिवस डल, म्हणजे मळभाचा. सुरी डल, म्हणजे बोथट. भाषण डल, म्हणजे कंटाळवाणं. आणि माणूस डल, म्हणजे मंद, बुद्धीनं जड. पहिल्या चार अर्थांची वाक्यं झाली, यतीनच्या स्वेटरवर पोरं पोट धरून हसली. सर रंगात आले होते. खडू खाली ठेवून त्यांनी हात झटकले आणि म्हणाले, या शब्दाचे अर्थ पाच. सहावा कुणी आणून दाखवावा.

असं काही म्हणायची गरज नव्हती. पण माणूस रंगात आला की म्हणून जातो.

मागच्या सतरंजीवरून अनुश्री उठली. आवाज फार मोठा नव्हता तिचा. म्हणाली, ‘सर, आवाजपण डल असतो. फुटकं भांडं वाजवलं तर येतो तसा.’

सरांनी विचारलं, हे कुठून काढलंस. ती म्हणाली, ‘डिक्शनरीत आहे, सर. तुमच्या कपाटातल्या.’

बत्तीस माना कपाटाकडे वळल्या आणि मग सरांकडे. पुढच्या रांगेतला संजीव, ज्याच्या वडिलांचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं, फिस्सकन हसला. मुलीला सरांना खाली पाहायला लावायचं नव्हतं. तिला आठवलं ते तिनं सांगितलं. हे सरांना त्याच क्षणी कळलं होतं. नंतर कळलं असतं तर निदान स्वतःशी काही सबब सांगता आली असती. बद्द आवाज. अर्थ बरोबर होता. एकवीस वर्षं हा शब्द ते शिकवत होते आणि एकवीस वर्षं पाचच अर्थ सांगत होते, आणि ज्या कोशाला कुणी हात लावायचा नाही असा हुकूम होता तो गेली कित्येक वर्षं त्यांनी स्वतःही उघडला नव्हता. स्वयंपाकीणबाईच्या मुलीनं उघडला होता.

सर म्हणाले, बरं. पाचव्या अर्थाचं वाक्य अजून राहिलंय. आणि त्यांनी खडू उचलून सुबक अक्षरात लिहिलं : अनुश्री इज अ डल स्टुडंट.

वर्ग इतका हसला की आत उषाताईंनी काय झालं म्हणून विचारलं. अनुश्री उभी होती ती खाली बसली. तिनं वही काढून ते वाक्यही उतरवून घेतलं, कारण फळ्यावरचं सगळं उतरवायचं असा नियम होता.

वर्ग सुटला. पोरं पांगली. सर फळा पुसायला उठले एवढ्यात हात पुसत द्वारकाबाई दारात आल्या. त्यांनी फळ्याकडे पाहिलं आणि तिथंच थबकल्या. त्यांना ती अक्षरं दिसली. पुढं होऊन त्यांनी बोटानं दुरूनच दाखवलं आणि विचारलं, ‘सर, हे आमच्या अनूचं नाव ना? काय लिहिलंय?’

सरांच्या हातात फडकं होतं. अनुश्री कोपऱ्यात दप्तर भरत होती. तिनं मान वर केली नाही.

‘चांगलंच लिहिलंय,’ सर म्हणाले. ‘हुशार आहे म्हणून लिहिलंय.’

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई सांजोऱ्या घेऊन आल्या. रात्रभर जागून केलेल्या, पांढऱ्या फडक्यात बांधलेल्या, प्रत्येकाला एक आणि सरांना दोन. त्यांनी नवं लुगडं नेसलं होतं. वाटायचं काम ज्याचं नाव आलं त्यानं करायचं अशी रीत होती, म्हणून अनुश्रीनं सगळ्या वर्गाला त्या वाटल्या. कुणी हसलं नाही. काही मुलांनी माना खाली घातल्या आणि खाल्ल्या. संजीवनं अर्धी तशीच ठेवली. सरांनी दोन्ही संपवल्या, कारण द्वारकाबाई दारात उभं राहून बघत होत्या.

पुढच्या आठवड्यापासून अनुश्री वर्गाला आली नाही. वार्षिक परीक्षेलाही बसली नाही, असं शाळेत कळलं. द्वारकाबाई आणखी काही महिने कामाला येत राहिल्या, पण त्यांचं लक्ष उडालं होतं. काय झालं पोरीला, असं उषाताईंनी विचारलं तर म्हणायच्या, काय सांगू ताई, अभ्यासातून मनच उडालं म्हणते; सरांनी एवढं लिहिलं आणि हिला त्याची कदर नाही. मग इंदूरबाहेर हातोद गावी भावाकडे राहायला जायचं ठरलं आणि मायलेकी गेल्या. सर त्या दिवशी मुद्दाम घराबाहेर होते. भाजी आणायला गेलो होतो, असं त्यांनी सांगितलं. उभ्या आयुष्यात त्यांनी भाजी आणलेली उषाताईंना आठवत नव्हती.

इथंच हे थांबलं असतं तर सरांनी कदाचित ते पचवलंही असतं. मास्तरांच्या हातून पोरं दुखावतात. पन्नास वर्षांत किती जणांना काय काय बोललो असू, असं म्हणून माणूस स्वतःला सोडवून घेऊ शकतो. पण सहा वर्षांनी संजीवच्या वडिलांनी सरांच्या शब्दांचं पुस्तक काढायचं ठरवलं. नाव ठरलं ‘रोज एक शब्द’. सरांनी आपल्या वह्या काढल्या आणि छापायला देण्यासाठी सगळं पुन्हा स्वच्छ अक्षरात उतरवलं. डल शब्दाच्या पानावर त्यांचा हात थांबला. त्यांना ते वाक्य बदलता आलं असतं. तिथं दुसरं नाव घालता आलं असतं, वाक्यच गाळता आलं असतं. पण ते बदललं तर आपण चुकलो होतो हे स्वतःशी तरी कबूल करावं लागणार, आणि ते त्यांना नको होतं. उलट अनुश्री नावाच्या मुली कमी का आहेत, असं म्हणून त्यांनी ते तसंच ठेवलं.

आणि त्याच पानावर त्यांनी अर्थ सहा दिले. सहावा : बद्द आवाज, जसा फुटक्या भांड्याचा. पुस्तकात अपुरेपणा राहू नये म्हणून.

मुलीची अक्कल घेतली आणि मुलीला मंद ठरवलं, दोन्ही एकाच पानावर, दोन बोटांच्या अंतरानं. पुस्तकाच्या चौदा आवृत्त्या निघाल्या. इंदूर, देवास, धार, महू, कुठल्याही शाळेच्या पोराच्या दप्तरात ते सापडतं. एकवीस वर्षं दरसाल हजारभर पोरांनी घोकलं आहे की अनुश्री ही मंद विद्यार्थिनी आहे.

हे सगळं वर आलं ते यंदाच्या चैत्रात. आता दुकान संजीव चालवतो. त्याला पंधरावी आवृत्ती नव्या रूपात काढायची होती, पानावर मोबाइल धरला की सरांचा आवाज ऐकू येईल अशी. त्यानं मुद्रितं घरी पाठवली आणि फोनवर सांगितलं, ‘सर, बाकी काही बी बदला, ते डलवालं पान मत छेडो. पोरांना त्यात बडा मजा येतो.’ सरांना त्याच्या आवाजात तेच जुनं फिस्सकन हसू ऐकू आलं.

सरांचे डोळे थकलेले, म्हणून मुद्रितं उषाताई वाचून दाखवत होत्या. दुपारची वेळ, पंखा फिरतोय, उषाताईंचा एकसुरी आवाज चाललाय, आणि मध्येच तो थांबला.

‘ही आपल्या द्वारकाबाईंची अनू का?’ त्यांनी विचारलं.

सरांनी नजर फळ्याकडे वळवली. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात उषाताईंना त्यांच्या गप्प बसण्याचे प्रकार पाठ झाले होते. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, सांगा. मग सरांनी सांगितलं. काहीही लपवलं नाही. कोशाचं सांगितलं, खडूचं सांगितलं, दारात उभ्या राहिलेल्या द्वारकाबाईंना आपण काय म्हणालो ते सांगितलं. सांगताना त्यांची नजर पूर्ण वेळ फळ्यावर होती.

उषाताई रागावल्या नाहीत, आणि ते सरांना जड गेलं. त्या एवढंच म्हणाल्या की द्वारकाबाईंचा दर दिवाळीला फोन येतो. सरांची तब्येत कशी, गुडघे कसे, विचारतात. तुम्हाला देते म्हटलं की तुम्ही अंघोळीला गेलेले असता. दरवर्षी दिवाळीच्या दुपारी तीन वाजता माणूस अंघोळीला का जातो हे मला कधी कळलं नव्हतं, आज कळलं. मग त्यांनी टेलिफोनच्या डायरीतून हातोदचा पत्ता कागदावर उतरवून सरांच्या पुढ्यात ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

सर दोन दिवस त्या कागदाभोवती घुटमळले. तिसऱ्या दिवशी सकाळी बसनं निघाले. मुद्रिताचं ते पान त्यांनी घडी घालून खिशात घेतलं होतं. काय बोलायचं ते मनाशी ठरलं होतं : अनुश्रीची माफी मागायची, द्वारकाबाईंना खरं सांगायचं, वाक्य बदललेलं दाखवायचं. बसमध्ये गुडघ्यावर पान ठेवून त्यांनी जुन्या वाक्यावर काट मारली आणि वर नवं वाक्य लिहिलं. इट वॉज द टीचर हू वॉज डल. मंद विद्यार्थिनी नव्हती, मास्तर होता. दोनदा वाचून पाहिलं. चांगलं झालंय असं वाटलं, आणि छातीवरचं ओझं निम्मं उतरल्यासारखंही वाटलं.

हातोदच्या बाजारापासून घर जवळच होतं. दारातच शिलाई मशीन होतं आणि भोवती शाळेच्या गणवेशांचे निळे-पांढरे ढीग. मशीनवरची बाई चाळिशी ओलांडलेली, केसांत पांढरं दिसू लागलेलं. सरांना ती ओळखता आली नाही. तिनं त्यांना लांबूनच ओळखलं आणि मशीन थांबवून उभी राहिली. नमस्कारालाही वाकली. सर तिला थांबवणार होते, पण उशीर झाला.

‘खबर तरी करायची, सर. खामखा एवढ्या धुपात आलात,’ ती म्हणाली आणि त्यांच्यासाठी खुर्ची सावलीत सरकवली.

सर बसले नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी ठरवलेलं बोलून टाकलं. ते वाक्य खोटं होतं, मला तेव्हाच माहीत होतं, तू बरोबर होतीस आणि माझा अपमान झाला असं मला वाटलं म्हणून मी ते लिहिलं. तुझी शाळा माझ्यामुळं सुटली. मला माफ कर. एवढं बोलेपर्यंत त्यांना धाप लागली.

अनुश्रीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली की खोटं होतं हे मलाही तेव्हाच माहीत होतं. ‘मला काय त्या वाक्याची तकलीफ नव्हती, सर. मी घरी जाऊन रडले असते आणि दुसऱ्या दिवशी आले असते. पण आईनं रात्रभर रवा भाजला. मी सांगणार होते तिला. तिचा चेहरा बघितला आणि नाही सांगितलं. मग त्या सांजोऱ्या वाटल्यावर परत त्या खोलीत पाय टाकणं मला जमलं नाही.’

सरांनी खिशातून पान काढून तिच्यापुढं धरलं. नवं वाक्य दाखवलं. तिनं ते एकेक शब्दावर बोट ठेवत सावकाश वाचलं, अर्थ लावला, आणि परत दिलं.

‘हे पण तुमच्याबद्दलच झालं, सर,’ ती म्हणाली.

आवाजात चीड नव्हती. शिवलेल्या गणवेशाची एक बाही छोटी झालीय, असं गिऱ्हाईकाला सांगावं तसं तिनं ते सांगितलं. सर पान हातात घेऊन उभे राहिले. बसमध्ये उतरलेलं ओझं होतं तिथं परत आलं.

ते म्हणाले की निदान द्वारकाबाईंना तरी मी खरं सांगतो. तेवढ्यासाठीच आलोय. अनुश्रीनं मागे वळून घरात पाहिलं आणि आवाज खाली आणला. आई एकोणऐंशीची आहे, म्हणाली. पुस्तक आलं तेव्हा इंदूरला जाऊन स्वतः घेऊन आली. कुणी घरी आलं की काढून दाखवते, माझ्या पोरीचं नाव छापलंय म्हणते. ज्यांना इंग्रजी येतं त्यांना मी आधीच बाहेर गाठून सांगते की गप्प बसा. नवऱ्याला सांगितलंय, पोरीला सांगितलंय. ‘तुम्हाला सांगून हल्कं व्हायचंय, सर. ठीक आहे. पण मग तिच्याजवळ काय उरलं?’

सरांनी पानाची घडी घालून ते खिशात ठेवलं.

आतून हाक आली, कोण आहे ग. अनुश्रीनं सरांकडे पाहिलं. तिनं हात जोडले नाहीत की विनवणी केली नाही. नुसतं पाहिलं आणि मग आत आवाज दिला, ‘आई, टेंबेसर आलेत.’

द्वारकाबाई मागच्या ओसरीवर खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. पार सुकून गेल्या होत्या. सर आले हे ऐकताच लसणाचं सुपडं बाजूला सारून त्यांनी आधी डोक्यावरचा पदर नीट केला. त्यांना काय करू आणि काय नको झालं. उषाताई कशा, गुडघे कसे, एवढ्या लांब बसनं आलात, अनू, शेव घाल, चहा टाक. सरांना खाटेवर आपल्या शेजारी बसवून त्यांनी उशाशी हात घातला आणि कापडात गुंडाळलेलं पुस्तक काढलं. ‘रोज एक शब्द’, पहिली आवृत्ती. पान शोधावं लागलं नाही. पुस्तक तिथंच उघडलं.

‘हे बघा,’ त्या म्हणाल्या आणि बोट बरोबर त्या नावावर ठेवलं. ‘कागज पिवळा पडला, पण नाव तसंच आहे. ही वाचून दाखवते कधी कधी, पण सर, ज्यानं लिहिलं त्याच्या तोंडून ऐकायची फार इच्छा होती. आता आलाच आहात. एकदा वाचा. मतलब पण सांगा.’

सरांनी चष्मा लावला. बोटाखाली त्यांचंच वाक्य होतं आणि दोन बोटं वर तिनं सांगितलेला सहावा अर्थ. आयुष्यभर त्यांनी पोरांना सांगितलं होतं की वाक्य खरं असलं पाहिजे. इथं लिहिलंय ते वाचलं तर खोटं ऐकू जाणार होतं आणि खरं सांगायचं तर लिहिलेलं नाही ते वाचावं लागणार होतं. स्वयंपाकघरात कपबशा वाजायच्या थांबल्या होत्या. अनुश्री ऐकत होती.

‘अनुश्री ही फार हुशार विद्यार्थिनी आहे,’ सर म्हणाले. त्यांनी पुढं हेही सांगितलं की वर हा जो सहावा अर्थ आहे तो माझा नाही, हिचा आहे. मला माहीत नव्हता, हिनं भर वर्गात सांगितला. एवढं तरी त्यांना खरं बोलता आलं.

द्वारकाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं, कापडात गुंडाळलं, आणि त्यावर हात ठेवून बसल्या. अनुश्री चहा घेऊन दारात आली तशी त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं.

‘मग सर, एक विचारू? सत्तावीस वर्षं झाली, कुणाला विचारलं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘एवढी हुशार होती, तर हिनं शाळा का सोडली? तुम्हाला काही बोलली होती का?’

सरांनी अनुश्रीकडे पाहिलं नाही. ‘माझ्यामुळं सोडली, द्वारकाबाई,’ ते म्हणाले. ‘दोष माझा होता. मी तिला नीट शिकवलं नाही.’

द्वारकाबाईंनी लगेच त्यांच्या मनगटावर हात ठेवला. असं बोलू नका, म्हणाल्या. तुमच्या हाताखालची पोरं कुठल्या कुठं गेली. तुम्ही देवमाणूस, म्हणून दुसऱ्याचं आपल्या अंगावर घेता. हिलाच कंटाळा होता अभ्यासाचा. मी किती ओरडले, एकदा तर हात पण उचलला हिच्यावर, सर, की तुझ्या सरांनी एवढं लिहिलं आणि तू त्यांचं नाक कापतेस. ‘विचारा हिला. हिचीच गलती होती ना?’

सरांनी तोंड उघडलं. अनुश्रीनं मान किंचित हलवून नको म्हटलं आणि त्यांच्या हातात चहाची कपबशी दिली.

‘हो आई,’ ती म्हणाली. ‘माझीच होती.’

द्वारकाबाई म्हणाल्या, सर, चहा घ्या, निवेल. सरांनी चहा घेतला.